बिडी-सिगारेट सोडायच्या औषधाच्या ट्रायलमध्ये रिकामी गोळी कायले देतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या दवाखान्यात तंबाखू सोडवायच्या खोलीत बसतो, समुपदेशक म्हणून. खालचे प्रश्न लोक मला ओपीडीत कमी अन् पानठेल्यावर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत जास्त विचारतात. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन होते, मग वाटते नीट सांगायला पाहिजे होतं. म्हणून एका जागी लिहून ठेवून राहिलो.

प्लासिबो म्हणजे नेमकं काय?

दिसायला हुबेहूब खऱ्या गोळीसारखी, रंग तोच, आकार तोच, पाकीट तेच, पण आत औषध नाही. गोळी बांधायला जी भुकटी वापरतात, लॅक्टोज वगैरे, तेवढीच. निकोटिनचा पॅच असला तर प्लासिबो पॅच म्हणजे नुसती चिकटपट्टी. च्युइंगमचं थोडं अवघड आहे, कारण निकोटिनचा गम चावला की जिभेला झिणझिण होते, साधा गम दिला तर माणूस पहिल्याच दिवशी ओळखेल, म्हणून काही ट्रायलमध्ये त्यात तिखटपणा आणणारं काहीतरी घालतात.

पण औषध नसलेली गोळी द्यायचीच कायले? सरळ औषध देऊन पाहा ना, सुटली तर सुटली.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, अन् विचारणारा बहुतेक वेळा शेतकरीच असतो, म्हणून मी त्याला त्याच्याच शेतात घेऊन जातो. समजा पराटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा-तुडतुडे आले. तुम्ही कृषी केंद्रातून नवीन औषध आणलं, पूर्ण अडीच एकरात मारलं, आठ दिवसांनी मावा गेला. औषधानं गेला का? मधल्या दिवसांत एक जोरदार सर आली होती, ढालकिडे वाढले होते, कीड तशीही ओसरायची वेळ झाली होती. आता सांगा, पैसे औषधाचे वसूल झाले की पावसाचे, कसं समजणार? ज्याला खरंच पाहायचं आहे तो पिकाचे चार तास, म्हणजे चार ओळी, सोडून देतो, अन् नुसते सोडत नाही, त्यात त्याच पंपानं त्याच दिवशी साधं पाणी फवारतो. मग दोन्हीकडं पाऊस सारखा, ढालकिडे सारखे, फरक फक्त औषधाचा. ते पाण्याचे चार तास म्हणजे प्लासिबो.

बिडी सोडणाऱ्याच्या आयुष्यात असा पाऊस सारखा पडतच असतो. पोरीचं लग्न जमलेलं असते, छातीत दुखून गेलेलं असते, डॉक्टर रागावलेले असतात, आशाताई घरी येऊन विचारपूस करून राहिलेल्या असतात. यातल्या कशानंही बिडी सुटू शकते, अन् सुटतेही. त्यातून गोळीचं काम किती, हे वेगळं काढायला दुसरा चांगला रस्ता अजून तरी नाही.

माणूस काही पराटी नाही, त्याले मन असते.

अगदी बरोबर, अन् म्हणूनच माणसावरची ट्रायल जास्त काटेकोर करावी लागते. पराटीला माहीत नसते की आपल्यावर पाणी पडलं की औषध. माणसाला माहीत झालं की आपल्याला रिकामी गोळी मिळाली, तर तो म्हणतो जाऊ दे, ओढ एक. अन् खरी मिळाली हे कळलं तर दम धरतो. म्हणून घेणाऱ्याला सांगत नाहीत. देणाऱ्या डॉक्टर-नर्सलाही सांगत नाहीत, कारण आपल्या बोलण्यात फरक पडतोच, मी स्वतः कोणाशी हुरूपानं बोलतो अन् कोणाशी उरकून बोलतो हे मला माहीत आहे. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो, डब्यावर फक्त नंबर, अन् नंबरची यादी तिसऱ्याजवळ बंद. पेशंटला काही इमर्जन्सी झाली तर तेवढ्यापुरता त्याचा नंबर उघडता येतो.

प्लासिबो घेणाऱ्यांची बिडी-सिगारेट सुटते का?

सुटते! अन् हे ऐकून लोक थांबतात, म्हणून आकडे सांगतो.

व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी अमेरिकेत २००६ साली मंजूर झाली. तिच्या दोन मोठ्या ट्रायल त्याच वर्षी छापून आल्या, त्यातल्या एकीत १२ आठवडे गोळ्या दिल्या अन् शेवटच्या ४ आठवड्यांत एकही सिगारेट न ओढणारे मोजले. व्हॅरेनिक्लिनवाले ४४ टक्के, ब्युप्रोपिऑनवाले (ही सिगारेट सोडायची दुसरी गोळी) २९.५ टक्के, अन् प्लासिबोवाले १७.७ टक्के. म्हणजे रिकामी गोळी घेणाऱ्या दर १०० मधल्या जवळपास १८ जणांनी सोडली होती. वर्षभर टिकलेले पाहिले तर तेच आकडे २१.९, १६.१ अन् ८.४ वर आले. घसरण सगळीकडं झाली, गोळीवाल्यांतही झाली, पण अंतर राहिलं.

आता यातला एक घोळ. लोक म्हणतात बघा, प्लासिबोनं १८ टक्के सुटली, मनाची ताकद! तसं सरळ नाही ते. त्या १८ मध्ये गोळीवरचा विश्वास थोडा असेल, पण त्यात माणसाची स्वतःची जिद्द आहे, दर भेटीत मिळालेला सल्ला आहे, दर आठवड्याला कोणीतरी विचारून राहिलं याची लाज आहे, अन् मुळात ट्रायलमध्ये तोच येतो ज्याला सोडायची आहे. नुसत्या गोळीवरच्या विश्वासाचा वाटा काढायचा तर काहीच गोळी न देणारा तिसरा गट लागते, अन् तसा गट फार कमी ट्रायलमध्ये असतो. म्हणून प्लासिबो गटाचा आकडा म्हणजे प्लासिबोची करामत, असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

याचा सगळ्यात चांगला दाखला सायटिसिनचा. हे एका झाडाच्या बियांतून काढलेलं स्वस्त औषध, बल्गेरियात १९६० च्या दशकापासून वापरात. पोलंडमध्ये वॉर्सा शहरात ७४० लोकांवर ट्रायल झाली, २०११ साली छापून आली, समुपदेशन अगदी थोडं होतं. वर्षभरानं सायटिसिनवाले ८.४ टक्के सुटलेले अन् प्लासिबोवाले फक्त २.४. तेच औषध पुढं बांगलादेश अन् पाकिस्तानात टीबीच्या २,४७२ पेशंटवर पाहिलं, २०२० साली आकडे आले. तिथं ६ महिन्यांनी सायटिसिनवाले ३२.४ टक्के अन् प्लासिबोवाले २९.७ टक्के!

थांबा, हे दोन प्लासिबोचे आकडे शेजारी ठेवून पाहा. एकीकडं २.४, दुसरीकडं जवळपास ३०. एक वर्षभराचा हिशोब आहे अन् एक ६ महिन्यांचा, म्हणून अगदी तंतोतंत तुलना नाही होत, पण तरी एवढा फरक काही रिकाम्या गोळीतून येत नाही. टीबी निघाली तेव्हा माणूस घाबरलेला असतो, दवाखान्यात वरचेवर येत असतो, अन् दोन्ही गटांना बिडी सोडायचा सल्ला नीट मिळालेला. मला वाटते, त्या वेळेला त्या सल्ल्यानंच इतक्या जणांची सुटली की औषधाला दाखवायला जागाच उरली नाही. प्लासिबो गट नसता तर सगळे म्हणाले असते, वा, सायटिसिननं ३२ टक्के लोक सुटले, अन् सरकारनं पैसा गोळीत घातला असता. आमच्या भागात टीबीचे पेशंट अन् बिडी यांची जोडी मी रोज पाहतो, म्हणून ही ट्रायल मला फार जवळची वाटते.

म्हणजे गोळ्यांमध्ये काही दमच नाही?

आहे ना. एका ट्रायलवर जाऊ नका. निकोटिनचे गम-पॅच वगैरेंच्या १३३ ट्रायल, ६४ हजारांवर लोक, असा एकत्र हिशोब २०१८ साली झाला होता, त्यात प्लासिबो किंवा काहीच न घेणाऱ्यांपेक्षा सुटायची शक्यता दीडपट निघाली. व्हॅरेनिक्लिनचं त्याहून चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली मार्गदर्शन काढलं, त्यात व्हॅरेनिक्लिन, निकोटिनचे गम-पॅच, ब्युप्रोपिऑन अन् सायटिसिन चारही घेतले आहेत, अन् सोबत समुपदेशन.

व्हॅरेनिक्लिन काम कसं करते हे विचारतात, तर एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. मेंदूत निकोटिन जिथं जाऊन बसते ती जागा ही गोळी आधीच धरून ठेवते. थोडीशी तरतरी तिच्यामुळंही येते म्हणून तलफ कमी, अन् वरून सिगारेट ओढली तरी निकोटिनला बसायला जागा नाही, म्हणून मजा येत नाही.

व्हॅरेनिक्लिननं डोकं फिरते, माणूस जीव द्यायले जाते असं ऐकलं. खरं काय?

भीती खोटी नव्हती, कोणी उगाच उठवलेली नव्हती. गोळी बाजारात आल्यावर उदासी, चिडचिड, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी आल्या, अन् २००९ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं पाकिटावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. पण यात एक अडचण होती, जी आमच्या खोलीत बसणाऱ्या कोणालाही दिसेल. बिडी सोडली की गोळी न घेताही माणूस चिडतो, झोप उडते, रडू येते. माझ्याकडं एक काकाजी आले होते, तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट भिरकावलं, नातू समोर बसलेला. नंतर माझ्यासमोर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाले, असं मी उभ्या जन्मात केलं नाही. त्यांनी कुठलीच गोळी घेतलेली नव्हती. घेतली असती तर घरच्यांनी गोळीचंच नाव घेतलं असतं, अन् मीही घेतलं असतं.

मग हे वेगळं कसं काढायचं? प्लासिबोनंच. ईगल्स नावाची ट्रायल झाली, १६ देश, ८ हजारांवर लोक, त्यातल्या अर्ध्याहून थोड्या जास्त लोकांना आधीपासून मानसिक आजार होता किंवा होऊन गेलेला. चार गट, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, निकोटिन पॅच अन् प्लासिबो. प्रत्येकाला दोन प्रकारच्या गोळ्या अन् एक पॅच असं तिन्ही वापरायला दिलं, त्यातलं एकच खरं किंवा एकही नाही, म्हणजे दिसण्यावरून ओळखायची सोयच नाही ठेवली. २०१६ साली निकाल आला. मानसिक आजार नसलेल्यांत त्रास व्हॅरेनिक्लिनवाल्यांत १.३ टक्के अन् प्लासिबोवाल्यांत २.४ टक्के. आजार असलेल्यांत ६.५ अन् ४.९, तो फरक औषधामुळंच आहे असं म्हणण्याएवढा मोठा नव्हता. त्याच डिसेंबरात अमेरिकेनं तो कडक इशारा काढून टाकला. आधीपासून मानसिक आजार आहे त्यानं मात्र डॉक्टरला सांगूनच गोळी घ्यायची, त्या लोकांत त्रासाचं प्रमाण चारही गटांत जास्तच होतं, अगदी रिकाम्या गोळीवरसुद्धा.

सुटण्याचे आकडेही त्यातच मिळाले: व्हॅरेनिक्लिन ३३.५, पॅच २३.४, ब्युप्रोपिऑन २२.६, प्लासिबो १२.५ टक्के.

रिकाम्या गोळीनं त्रासही होते का?

होतो. २००६ च्या त्या ट्रायलमध्ये मळमळ व्हॅरेनिक्लिनवाल्यांत साधारण २८ टक्के होती, पण प्लासिबोवाल्यांतही ८ टक्क्यांच्या वर होती. माणसाला आधी सांगितलेलं असते की मळमळ होऊ शकते, मग पोटाकडं लक्ष जाते, अन् पोट म्हटलं की काहीतरी होतच राहते.

मळमळ झाली की माणूस ओळखणारच ना, खरी गोळी आहे म्हणून?

बरेच ओळखतात, अन् ही या ट्रायलची खरी कमजोरी आहे, लपवायची गरज नाही. तीस वर्षं दिवसाला दोन कट्टे ओढणाऱ्याच्या अंगात निकोटिन गेलं की नाही हे त्याला पॅच लावून तासा-दोन तासात कळू शकते. स्वित्झर्लंडमध्ये सिगारेट कमी करण्याच्या एका ट्रायलमध्ये लोकांना शेवटी विचारलं, तुम्हाला काय वाटते, खरं होतं की खोटं? ज्यांना वाटत होतं की आपल्याला निकोटिनच मिळालं, त्यांचा निकाल चांगला निघाला. आता कमी झाली म्हणून खरं वाटलं की खरं वाटलं म्हणून कमी झाली, हे उलगडणं सोपं नाही. माझं मत असं की हा प्रश्न प्रत्येक ट्रायलमध्ये विचारलाच पाहिजे अन् उत्तर छापलंच पाहिजे, बऱ्याच ठिकाणी ते होत नाही.

सोडली म्हणून खोटं सांगितलं तर?

म्हणून फुंकून घेतात. हातात मावेल एवढी मशीन असते, श्वास धरून हळूहळू पूर्ण फुंकायचं, आकडा येतो. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यात दिसते, बहुतेक ट्रायलमध्ये १० च्या खाली आला तर सोडली म्हणून धरतात. पण तो वायू दिवसभरात अंगातून जातो, म्हणून कालची बिडी लपू शकते. निकोटिनपासून अंगात जे कोटिनिन बनते, ते लघवीत किंवा थुंकीत तपासलं तर दोन-तीन दिवस मागचं दिसते. फक्त गम-पॅच चालू असणाऱ्याचं कोटिनिन तसंही वाढलेलंच असते, तिथं फुंकायची मशीनच कामाची.

अन् मधातूनच गायब झाला तो?

त्याला ओढतोच असं धरतात. आमच्याकडून किती लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, फोन बंद, नंबर बदललेला. त्यातल्या एखाद्यानं खरंच सोडली असेल, तरी हिशोबात तो ओढणाराच. कठोर वाटते, पण उलटं केलं तर फक्त जमलेले लोक परत येतात अन् आकडा फुगतो. दोन्ही गटांना नियम सारखा, म्हणून अन्याय कोणावर नाही.

गरीब माणसाले रिकामी गोळी देणं ही फसवणूक नाही का?

न सांगता दिली तर फसवणूकच, अन् गुन्हाही. ट्रायलमध्ये आधी सांगावं लागते, त्याच्या भाषेत, की तुम्हाला खरी मिळेल किंवा रिकामी मिळेल, आम्हालाही माहीत नाही, अन् मग सही किंवा अंगठा. भारतात नवीन औषधाच्या ट्रायलला २०१९ चे नियम लागू आहेत, आयसीएमआरची (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, ट्रायल सरकारी रजिस्टरमध्ये आधी नोंदवावी लागते, ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार अन् भरपाई द्यावी लागते. कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येते. कोणी तुम्हाला घाईनं अंगठा लावायला सांगत असेल तर लावू नका, कागद घरी घेऊन या, शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या.

खरा अवघड प्रश्न वेगळा आहे. आता चांगली औषधं माहीत असताना कोणाला रिकामं ठेवावं का? म्हणून काही ट्रायल औषधाविरुद्ध औषध अशाच करतात, न्यूझीलंडमध्ये १,३१० लोकांत सायटिसिन अन् निकोटिनचे पॅच-गम समोरासमोर लावले, प्लासिबो नाहीच, महिन्याभरानं ४० अन् ३१ टक्के. मला ही पद्धत आवडते. पण जिथं औषध चालते की नाही हेच माहीत नाही, तिथं प्लासिबोशिवाय इलाज नाही, फक्त दोन्ही गटांना समुपदेशन पूर्ण मिळालं पाहिजे अन् संपल्यावर रिकामी गोळी घेतलेल्याला खरं औषध हवं का, हे विचारलं पाहिजे.

हे सगळं सिगारेटचं झालं. खर्ऱ्याचं काय?

खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी अन् चुना पन्नीत घोटून खातात तो, अन् इथंच मला सगळ्यात जास्त तळमळ आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांत धूर काढणारे ३.८ टक्के अन् तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले. अन् ट्रायल कशाच्या? बहुतेक सिगारेटच्या. स्वीडन-नॉर्वेत ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवर ४३१ लोकांत व्हॅरेनिक्लिन पाहिलं, ५९ टक्के विरुद्ध प्लासिबो ३९. त्यांच्या पुडीत सुपारी नाही, चुना लावून पन्नीत घोटणं नाही. खर्ऱ्यात सुपारीची नशा वेगळी, ती व्हॅरेनिक्लिनच्या रुमालाखाली येते की नाही हे स्वीडनच्या आकड्यावरून सांगता येत नाही. दिल्लीत खाण्याच्या तंबाखूवर २३७ लोकांची प्लासिबोवाली ट्रायल झाली आहे, पण भंडारा-गडचिरोलीतल्या खर्ऱ्यासाठी मोठी, प्लासिबोवाली, वर्षभर पाठपुरावा करणारी ट्रायल झाली पाहिजे. फुंकायची मशीन इथं बिनकामाची, खर्ऱ्यात धूर नाही, लघवीच तपासावी लागते.

बाजारात पुडी मिळते, चहात टाकून द्यायची, न सांगता सुटते म्हणतात. माह्या मावसभावाची सुटली.

मावसभावाची सुटली याचा मला आनंद आहे, खरंच. पण पुडीनं सुटली का? त्याच महिन्यात त्याला काय झालं होतं, घरात काय बोलणं झालं होतं, किती जणांना ती पुडी दिली अन् किती जणांची नाही सुटली, हे कोणी मोजलं? पाण्याचे चार तास कुठं आहेत? अन् न सांगता कोणाच्याही चहात काहीही टाकू नका. त्यात काय आहे पाकिटावर लिहिलेलं नसते, त्या माणसाला बीपीची, साखरेची गोळी चालू असू शकते.

मग तुम्हीच साधी गोळी औषध म्हणून देत जा, स्वस्तात काम होईल.

नाही देणार. खोटं बोलून दिलेली गोळी एकदा उघडी पडली की तो माणूस टीबीची गोळीही घेणार नाही, अन् आशाताईचं तर कोणीच ऐकणार नाही. प्लासिबो गटातून जे घेण्यासारखं आहे ते गोळीशिवाय देता येते: तारीख ठरवणं, दर आठवड्याला भेटणं, नीट विचारणं.

मले आत्ता सोडायची आहे, ट्रायल-बियल नको. काय करू?

१८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा फुकट नंबर आहे, फोन लावा. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, व्हॅरेनिक्लिन-ब्युप्रोपिऑनला डॉक्टरची चिठ्ठी लागते, फिट येण्याचा आजार असेल तर ब्युप्रोपिऑन नको. गम खर्ऱ्यासारखा भराभर चावू नका, उचकी लागते अन् पोट जळते. हळू चावायचा, झिणझिण झाली की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की परत चावायचा, असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही. पहिल्या आठवड्यात घरच्यांना सांगून ठेवा की मी चिडणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. त्या काकाजींना मी हेच सांगायचं विसरलो होतो, दुसऱ्यांदा सांगितलं तर ते सुनेला सोबत घेऊन आले.